हिब्रूसाठी माणूस मागायला

यवतमाळ जिल्ह्यात हवा खायला म्हणून कुणी जात नाही. त्यातून होळी झाल्यावर, उन्हं तापायला लागल्यावर तर नाहीच नाही. मी निघालो तेव्हा आमच्या लेआनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पिशवीत दोन पंचे कोंबले आणि म्हणाली, "घरातलं अर्धं सामान बांधून झालंय, दोन महिन्यांत देश सोडायचाय, आणि हे चालले वऱ्हाडात ऊन खायला!" तिचं काही चुकलं नव्हतं. पण मला एक माणूस मागून आणायचा होता, आणि तो पत्रानं येणाऱ्यांतला नव्हता.

आधी माझी ओळख करून देतो, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. अलिबागजवळच्या आमच्या गावात वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. प्रार्थना सगळ्या हिब्रूत, आणि अर्थ कुणाच्या बापाला ठाऊक नाही. वडील डोळे मिटून घडाघडा म्हणायचे. "म्हणजे काय हो बाबा?" असं मी विचारलं की म्हणायचे, "देवाला कळतं, तुला कशाला पाहिजेत नसत्या चौकशा?" त्या नसत्या चौकशांपायी मी मुंबईला गेलो, हिब्रू घेऊन बी.ए. झालो, एम.ए. झालो, जोडीला अरामी आणि सुर्यानी शिकलो. इतक्या मेलेल्या भाषा शिकलेल्या माणसाला जिवंत पगार कोण देणार?

तो दिला यवतमाळनं. १९५६ साली तिथल्या एका ख्रिस्ती धर्मविद्यालयाला जुन्या कराराची हिब्रू शिकवायला माणूस हवा होता. त्याच साली वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, आणि मी मुंबईहून वऱ्हाडात गेलो. पाद्री होऊ घातलेली पोरं रविवारी सुट्टी घ्यायची, मी शनिवारी घ्यायचो. मधले दिवस आम्हांला कधी पुरले नाहीत. तीन वर्षांनी मुंबईच्या एका कॉलेजात हिब्रूची जागा मिळाली आणि मी परत गेलो. आता लेआची सगळी माणसं इस्राएलला जाऊन बसली आहेत, मुलांचंही तिकडंच ठरलं आहे, आणि मला तिथल्या एका ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांचं काम मिळालं आहे. अडलं होतं ते कॉलेजातल्या जागेवर. प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं, "तुमच्या जागी माणूस द्या. नाहीतर जूनपासून हिब्रू बंद."

वर्गात चार टाळकी, तेव्हा त्यांचंही बरोबर होतं. पण ही जागा माझ्या आधी माझ्या गुरुजींनी सांभाळली होती आणि त्यांच्या आधी त्यांच्या गुरुजींनी. ती माझ्या हातून बंद व्हावी, हे काही माझ्यानं सोसवेना. ज्यांना शिकवता आलं असतं ते माझे भाऊबंद आधीच बोटीत बसून गेलेले. उरला एकच माणूस, माझा विद्यार्थी रामधन राठोड. नोकरी पुसदच्या शाळेत, आणि घर फुलसावंगीजवळच्या तांड्यावर, बंजाऱ्यांच्या वस्तीत.

यवतमाळ

धामणगावला आगगाडीतून उतरून एस.टी.त बसलो आणि खिडकीशी जागा मिळाली, एवढ्यानं मी खूश. दोन्ही बाजूंना वेचणी संपलेली कपाशीची रानं, काड्या उभ्या, मधूनच एखाद्या बोंडात राहून गेलेला कापूस, आणि बांधावर पळस असा पेटलेला की बाकी कशाकडं बघवत नाही. आमच्या कोकणात हिरव्याला तोटा नाही, पण असला लाल भडका आम्हांला ठाऊक नाही. मी पहिल्यांदा आलो तेव्हा या उघड्या माळांना नावं ठेवत आलो होतो. आता तेच माळ मागं पडू लागले की मी मान वळवून बघत राहायचो. वय झालं, दुसरं काय!

यवतमाळात उतरल्यावर पाय आपोआप जुन्या वाटेला लागले. विद्यालयाच्या फाटकासमोरचं चहाचं दुकान होतं तिथंच होतं, आणि दुकानदार मारोतराव कढईपुढं होते तसेच. फक्त मिशा पिकल्या होत्या.

"बाप्पा! इस्राएल मास्तर!" ते ओरडले. "कवा आले जी? मले वाटलं तुमी तिकडं तुमच्या देशात गेलते."

"जायचंय अजून."

"मंग कायले घाई करता? बसा, भजे खा."

भजी घेतली, सोबत ठेचा आला. त्या ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढलं आणि माझी सोय झाली, कारण नाहीतरी ते यायच्याच बेतात होतं. तीन वर्षं मी या गावात शाकाहारी होतो. आमच्या पद्धतीनं बकरं कापणारा माणूस इथं नाही आणि मासा म्हणावा तर नदीतला, काट्यांचं गाठोडं. अलिबागचा माणूस मी, ताटात सुरमई नसली तर उपास समजणारा! पण भरल्या वांग्यांवर, जवसाच्या चटणीवर आणि ज्वारीच्या भाकरीवर तीन वर्षं काढली आणि अंगानं चांगला सुटलो.

माझा संध्याकाळचा वर्ग बाहेरच्यांनाही खुला असायचा. बाहेरचं कोण येणार म्हणा! एके दिवशी शाळेतला एक तरुण मास्तर दारात उभा राहिला. काळासावळा, किडकिडीत, डोळे मात्र टक्क उघडे. मी फळ्यावर उजवीकडून डावीकडं लिहीत होतो. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, असं लिहिलं तं शाई हातानं पुसत नाही काय?" आजवर एकाही विद्यार्थ्यानं मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पुसते. बस." तो बसला तो बसलाच. तोच रामधन. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, गावात वऱ्हाडी, शाळेत मराठी-हिंदी; एकीतून दुसरीत उडी मारायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळं हिब्रूला तो बिचकला नाही. मी मुंबईला गेलो तर मागोमाग आला, आमच्या गॅलरीत दोन वर्षं राहिला आणि एम.ए. झाला. अरामी तर माझ्यापेक्षा चांगली वाचायचा, आणि हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. मग वडिलांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि तो घरी परतला.

विद्यालयात डोकावलो. ओळखीचं कुणी राहिलं नव्हतं, पण माझ्या जुन्या खोलीतून पोरांचा आवाज येत होता. कुणीतरी त्यांना हिब्रूची क्रियापदं घोकायला लावत होतं, तीही चुकीच्या हेलात. दारात जाऊन सुधारावीत असं फार वाटलं. मग म्हटलं, गप्प बस, शिकताहेत हे काय कमी आहे?

पुसद

रामधन शाळा सुटल्यावर भेटला. लगबगीनं पुढं येऊन पाया पडला आणि म्हणाला, "सर, वाळले तुम्ही." मी म्हटलं, "मुंबईचं पाणी." त्याच्या खोलीवर वरणभात झाला आणि मी सरळ विषयाला हात घातला. मला आडून बोलणं जमत नाही.

"जूनपासून माझी जागा तू घे. नाहीतर कुलूप लागतंय."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "सर, हे मला नका विचारू. तांड्याला विचारा."

"अरे, नोकरी तू करणार की तांडा?"

"आमच्यात तसंच आहे. मी शिकलो ते सगळ्यांच्या जिवावर. मी दोन वर्षं मुंबईत होतो तेव्हा आमचं वावर तांड्यातल्या लोकांनी वाहिलं. आता सुट्टीत मी तिथल्या पोरांना शिकवतो. बैठक बसेल. तिथं तुम्ही मागा."

"आणि तुझं स्वतःचं मन काय म्हणतं?"

"ते मी बैठकीआधी सांगणार नाही," तो म्हणाला. "मी हो म्हटलं तर कोणाच्या तोंडून नाही निघणार नाही. तसं नको मला."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? तीन दिवसांचा प्रवास करून आलो तो एका माणसाशी बोलायला, आणि आता अख्ख्या वस्तीपुढं उभं राहायचं! आमच्याकडं सोयरीक जुळवतानासुद्धा दोन्हीकडची चारच माणसं बसतात. पण रामधनचा चेहरा बघितला आणि उद्याच्या गाडीची चौकशी केली.

फुलसावंगीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सूर्य बुडला की आमचा शब्बाथ लागतो. मग प्रवास नाही, विस्तव पेटवणं नाही. म्हणून रामधननं अर्धी रजा काढली आणि दुपारची गाडी धरली. महागावच्या पुढं त्या गाडीनं नाकातोंडातून वाफ सोडली आणि बसकण मारली. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला गेला तो गेलाच. मी एकदा सूर्याकडं बघायचो, एकदा ड्रायव्हर गेला त्या दिशेला. शेवटी एक बैलबंडी आली, रामधननं ओळख काढली, आणि आम्ही कडब्यावर चढून बसलो.

गाडीवाल्याला माझी चुळबुळ दिसली. "सूर्य बुडाला तं काय होते जी?" त्यानं विचारलं.

"काही होत नाही. मी आहे तिथं उतरतो आणि उद्या रात्रीपर्यंत तिथंच राहतो."

"इथं? वावरात?" तो इतका हसला की कासरा हातातून सुटला. मग मात्र त्यानं बैलांना असं काही पिटाळलं की माझी हाडं खिळखिळी झाली. तांड्याची कौलं दिसली तेव्हा सूर्य पळसाच्या झाडाएवढा वर होता.

तांडा

रामधनचे वडील धावजी हेच तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. उंच म्हातारा, डोक्याला पागोटं, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी माझा हात चाचपून दोन्ही हातांत धरला. "आवो, बेसो," म्हणाले, आणि मग माझ्यासाठी वऱ्हाडीत, "माझ्या पोराले तुमी दोन वर्स घरात ठेवलं. हे घर तुमचंच हाय."

अंगणात एक बोकड बांधलेला दिसला. तो माझ्यासाठी होता. पाहुण्याला बोकड कापायचा आणि त्याच्या रक्ताची सळोई करून वाढायची, हा इथला मोठा मान. आणि आमच्यात रक्ताचा थेंबही चालत नाही. रामधननं आधी निरोप धाडला होता, पण नायकांना तो खरा वाटला नव्हता.

"रगत नाई खात? काहून जी?"

"आमच्यात रक्त म्हणजे जीव. तो देवाचा, आपण खायचा नाही."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा उतरला. "मंग खाता तरी काय?"

"तुमच्या वावरातली वांगी खाईन. पोटभर खाईन."

"वांगे!" ते कपाळाला हात लावून ओरडले. "एवढ्या दुरून मानूस आला, अन् वांगे!" सगळं अंगण हसलं, बोकड वाचला, आणि माझ्यासमोर ज्वारीची बाटी, म्हणजे त्यांची भाकरी, वांगी, तुरीचं वरण आणि गुळावर तुपाची धार असं ताट आलं. मी बोलल्याप्रमाणं पोटभर खाल्लं.

त्याआधी मी पिशवीतून दोन मेणबत्त्या काढून लावल्या होत्या. घरी हे लेआ करते, प्रवासात मीच. रामधनची आई, तिला सगळे याडी म्हणतात, याडी म्हणजे आईच, कोपऱ्यातून बघत होती. आरशांचा घागरा, कोपरापर्यंत हस्तिदंती रंगाच्या बांगड्या. वारा सुटला तशी तिनं न विचारता एक टोपली आणून मेणबत्त्यांच्या आडोशाला उभी केली. मग तिनं रामधनला काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, तुमच्या घरी तुमची आई आहे काय?"

"नाही. वारली."

"बहीण?"

"एक होती, तीही गेली."

याडीनं च् च् केलं आणि आत गेली.

शनिवारी सकाळी लिंबाखाली बैठक बसली. पुढं पुरुष, मागं ओट्यावर बाया. मी वीस-बावीस वर्षं शिकवण्यात काढलेला माणूस, पण त्या दिवशी पहिलं वाक्य मनात तीनदा घोकलं. रामधन एका बाजूला खाली मान घालून बसला होता. मी उभा राहून माझं मागणं सांगितलं.

"हे भासा कोन बोलते?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आमचे लोक. प्रार्थनेत."

"तुमच्यापासी शिकते कितीक जन?"

"चार."

लिंबाखाली खसखस पिकली. मागून एक बाई ठसक्यात म्हणाली, "चौघाईसाठी नेता, अन् आमच्या तीस पोराईले कोन शिकवन?"

मग नायक बोलले. सावकाश, माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून. "मास्तर, तुमी कोठी चालले?"

"इस्राएलला."

"तिथं हे भासा बोलतात?"

"हो. आता भाजीबाजारातसुद्धा."

"मंग तिथं ते जित्ती हाय. तुमी तिथं चालले. इथं मांगं कायले ठेवता? अन् तुमी सोताच निंगून चालले, तं माझ्या पोराले कायले बसवता?"

बाप रे! प्राचार्यांनी, विद्यापीठानं, लेआनं, कुणीही मला हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी तयार करून आणलेलं सगळं भाषण विसरलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो.

म्हटलं, "नायक, आमच्या जुन्या लोकांचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं असं सांगतात. वाचले त्यांच्या पोथ्या बुडाल्या. पुढं ते भाषा विसरले, अक्षर विसरले. शनिवार तेवढा राहिला आणि देवाचं नाव घेणारी एक ओळ. शेकडो वर्षांनी कुणीतरी बाहेरचा आला आणि त्यानं आम्हांला आमचीच अक्षरं परत शिकवली. आता आम्ही जाऊ, पण सगळे जाणार नाहीत. म्हातारे राहतील, गरीब राहतील, ज्यांना समुद्र सोडवत नाही ते राहतील. त्यांच्या पोरानं उद्या विचारलं की बाबा, म्हणजे काय, तर सांगायला इथं कुणीतरी पाहिजे. मी का चाललो? माझी पोरं चालली म्हणून. दुसरं काही कारण नाही. मला जायचं नाहीये."

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला कळलं नाही. लेआलासुद्धा मी ते कधी बोललो नव्हतो.

मग म्हातारे आपसांत गोरबोलीत बोलू लागले. मागच्या बायाही बोलू लागल्या, आवाज चढले. मला एक अक्षर कळत नव्हतं. आयुष्यभर भाषांवर जगलेला मी, ज्या भाषेत माझा निकाल लागत होता ती मला येत नव्हती. शेवटी नायकांनी हात वर केला.

"रामधन, तुह्या मनात काय हाय?"

"जाईन, बा," रामधन म्हणाला. एवढंच.

"मंग न्या मास्तर, पोराले. आमच्या पोराईचं आमी पाहू. पन दर होळीले तो तांड्यात पायजे."

मी कबूल केलं. त्या मागच्या बाईकडं बघायचं मात्र मला धाडस झालं नाही.

फुलसावंगीचा थांबा

रविवारी निघालो. रामधनला सोमवारी पुसदला शाळेचा राजीनामा द्यायचा होता, तो माझ्यासोबत होता. अर्धा तांडा थांब्यापर्यंत पोचवायला आला. नायकांनी एकदाच माझा हात दाबला.

मग याडी पुढं आली. मी लेकाला वाट करून देत बाजूला झालो, तर ती माझ्याचकडं वळली. तिनं दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, ओढणी तोंडावर घेतली, कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं आणि मोठ्यानं गाऊ लागली. गाणं म्हणावं तर ते रडणं होतं, रडणं म्हणावं तर त्याला चाल होती, शब्द होते. बाकीच्या बायाही तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मी ताठ. गळ्यात बांगड्या रुतताहेत, भर रस्त्यात लोक बघताहेत, काय करावं सुचेना.

"बाई, काळजी करू नका," मी कसंबसं म्हणालो. "तुमच्या मुलाला काही कमी पडणार नाही."

"सर," रामधन हळूच म्हणाला, "ती माझ्यासाठी नाही रडत. मी होळीला येणार आहे. ती तुमच्यासाठी रडते आहे."

"माझ्यासाठी?"

"आमच्यात दूर जाणाऱ्याच्या गळ्यात पडून बाया असंच रडतात. आई रडते, बहीण रडते. तुम्हांला दोघीही नाहीत ना, म्हणून."

"काय म्हणते ती?"

"वीरेणा म्हणते तुम्हांला. भाऊ. म्हणते, भाऊ, तू दर्यापलीकडं चाललास, न रडता तुला कसं जाऊ देऊ? तुझं अंगण मागं राहिलं, त्याला आता कोण झाडणार?"

जुन्या हिब्रूत शोकगीताचं एक खास वृत्त आहे. पहिली ओळ लांब, दुसरी तोकडी, मध्येच दम तुटल्यासारखी. ते मी यवतमाळात शिकवलं, मुंबईत शिकवलं, फळ्यावर खुणा करून मात्रा मोजून दाखवल्या, परीक्षेत त्यावर प्रश्न घातले. याडीची ओळ लांब यायची, आणि मग तोकडी, आणि तिथं तिचा श्वास खरोखरच तुटायचा. ती तो सावरून पुन्हा लांब ओळ उचलायची.

आमच्याकडून गेल्या काही वर्षांत इतकी घरं गेली. प्रत्येक वेळी धक्क्यावर हार, पेढे, फोटो, प्रार्थना. पवित्र भूमीला चाललेल्या माणसासाठी रडायचं नसतं, अशी आमची समजूत. माझा सख्खा चुलतभाऊ बोटीवर चढला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. कुणी कुणासाठी रडलं नव्हतं, आणि माझ्यासाठीही कुणी रडणार नव्हतं.

माझे ताठ हात कधी सैल झाले ते कळलं नाही. मी त्या बाईच्या डोक्यावर डोकं टेकवलं आणि पोरासारखा रडलो. घाण्यासाठी रडलो, समुद्रासाठी रडलो, अर्धं सामान बांधून झालेल्या आमच्या घरासाठी रडलो. मी देश सोडून चाललो आहे, हे इतक्या महिन्यांत मला कुठं कळलं असेल तर ते तिथं, फुलसावंगीच्या थांब्यावर.

गाडी आली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, "चला जी, चला," म्हणून ओरडला. मग त्यानं बाहेर वाकून बघितलं, आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं.